शंभर शब्दांचं मिनिट

कोपरखैरणे,
१२ जुलै २०२४

ती. चंद्रशेखरकाकांस,
सप्रेम जयभीम वि. वि.

मराठी लघुलेखन, शंभर शब्द प्रतिमिनिट, निकाल काल दुपारी लागला आणि मी नापास झाले. आधी फोनवर मीच पाहिला. विश्वास बसेना म्हणून क्लासच्या सुचिता मॅडमना विचारलं. त्यांनी माझा बैठक क्रमांक दोनदा टाकून पाहिला आणि खात्रीने सांगितलं, की सात गुण कमी पडले आहेत. ही सहावी वेळ. आता सुचिता मॅडमना माझा बैठक क्रमांक विचारावाही लागत नाही, एवढीच काय ती प्रगती.

निकाल पाहिला तेव्हा मी रबाळ्याला कंपनीतच होते. डिस्पॅचच्या टेबलासमोर तीन ट्रक उभे होते आणि मी एकाच्या चलनावर दुसऱ्याचा नंबर टाकला. ड्रायव्हर भला माणूस, त्याने हसून परत आणून दिलं.

काका, तुम्हाला सगळं माहीत आहे, तरी लिहिते, कारण लिहिलं की माझं मलाच नीट दिसतं. तेहतिसाव्या वर्षी मी हे सुरू केलं. तुमच्यासारखं कोर्टात लघुलेखक व्हायचं, एवढंच डोक्यात होतं. साठ आणि ऐंशीची प्रमाणपत्रं मिळाली. शंभरावर तीन वर्षं अडकून बसले आहे. आता एकेचाळीस पूर्ण आहेत. आपल्याला वयाची अट त्रेचाळीस. पुढच्या वर्षीच्या नोव्हेंबरात माझे त्रेचाळीस भरतील आणि मग कुठल्याच कोर्टाचा अर्ज भरता येणार नाही.

चूक दर वेळी तीच होते. 'अधिनियम', 'प्रतिज्ञापत्र', 'निर्विवाद', 'संदिग्ध' असे शब्द माझ्या वहीत उतरतच नाहीत. क्लासमध्ये तेच, घरी बाबांच्या डिक्टेशनला तेच. रोज सकाळी तपासते तेव्हा सोपं सगळं बरोबर आणि जड शब्द गायब. माझ्या कानाला किंवा हाताला जड शब्द झेपत नाहीत, असं मला आता वाटायला लागलं आहे.

डिक्टेशन अजून साडेपाचलाच असतं. तुमचे जावई कुलदीप पहिल्या पाळीला तुर्भ्याला निघतात आणि बाबा घड्याळ घेऊन टेबलाशी बसतात. मार्केटातली हमाली सुटून नऊ वर्षं झाली, तरी त्यांना चारला जाग येतेच. आई बाजूला भाजी निवडत ऐकते. उताऱ्यांतली अग्रलेखी भाषा तिला माझ्याआधी पाठ झाली आहे. परवा भाजीवाल्याला म्हणाली, की मेथी ताजी आहे, तथापि जुडी लहान आहे. त्याने मुकाट्याने आणखी चार काड्या घातल्या.

आता मुद्द्याचं विचारते. मी थांबू का? बाबांना विचारण्यात अर्थ नाही, ते म्हणतील उद्याचा उतारा काढ. तुम्ही या विद्येतले आहात. तुम्ही थांब म्हणालात तर मला वाईट वाटणार नाही. वाटेल, पण मी सांगणार नाही.

काकूंना जयभीम. लोभ आहे तसाच ठेवा, निकाल पाहून कमी करू नका.

आपली पुतणी,
संघप्रिया

*

परभणी,
२१ जुलै २०२४

चि. संघप्रिया हिस,
अनेक आशीर्वाद आणि जयभीम.

तू फोन केलास तेव्हा नेहमीप्रमाणे तुझ्या काकूने ऐकलं आणि मला कागदावर लिहून दिलं : 'नापास. रडली नाही.' अर्ध्या तासाचं बोलणं तीन शब्दांत. ही बाई कोर्टात असती तर माझी नोकरी गेली असती. बाकीचं सगळं तुझ्या पत्रातून कळलं. माझे कान गेल्यापासून मला पत्राइतकं स्पष्ट काहीच ऐकू येत नाही, म्हणून तू लिहितेस याचे मी उपकार मानतो. आजकाल कोण कुणासाठी पाकीट चिकटवतं?

थांबू का, असं तू विचारलंस. एकतीस वर्षं मी न्यायाधीशांसमोर बसलो. त्यांच्याकडून एक गोष्ट शिकलो, की कागद पाहिल्याशिवाय निकाल द्यायचा नाही. तेव्हा कागद पाठव. आजवर तू फोटो पाठवतेस, ते काकू दाखवते आणि मी 'छान' म्हणतो. यापुढे म्हणणार नाही. फोटोत बारीक रेघ आणि ठळक रेघ सारखीच दिसते आणि 'प'चा 'ब' त्या ठळकपणानेच होतो, हे तुला मी सांगायला नको. फोटोवरून नाडी बघता येत नाही.

म्हणून मे आणि जून या दोन महिन्यांच्या वह्या पोस्टाने पाठव. घरच्या वेगळ्या, क्लासच्या वेगळ्या. चुरगळलेली पानंसुद्धा पाठव. चांगली निवडून पाठवलीस तर मला कळेल.

तोवर थांबायचं नाही आणि धावायचंही नाही. उद्याचा उतारा काढ. हे दादा म्हणतो म्हणून नव्हे, मी म्हणतो म्हणून. (दादाचं बरोबरच असतं, पण ते त्याला सांगू नकोस.)

तुझा,
चंद्रशेखरकाका

*

कोपरखैरणे,
३ ऑगस्ट २०२४

ती. काकांस,
सप्रेम जयभीम.

आज वह्या स्पीड पोस्टने पाठवल्या. सात घरच्या, चार क्लासच्या. काउंटरवरच्या बाईंनी आत काय आहे म्हणून विचारलं. मी सांगितलं, लघुलेखनाच्या वह्या. त्यांना खरं वाटेना. एक वही उघडून त्यांनी दोन्ही बाजूंनी पाहिली आणि हे वाचणारं परभणीत कुणी आहे का, असं विचारलं. मी म्हटलं, एकच आहे.

घरच्या वह्यांमध्ये तुम्हीच पाठवलेले उतारे आहेत, मोठ्या अक्षरातले, दर पंचवीस शब्दांनंतर तिरकी रेघ मारलेले. बाबा सेकंदकाट्यावर एक डोळा ठेवून वाचतात. काटा तीनवर आला की पहिली रेघ, सहावर दुसरी. एकदाही चुकत नाहीत, याचं मला कौतुक वाटतं. चौथी शिकलेला माणूस मिनिटाला बरोबर शंभर शब्दांवर येऊन थांबतो. चूक असेल ती माझीच आहे, तेव्हा मोकळेपणाने रागवा.

आई विचारते, की परभणीला पाऊस कसा आहे आणि तुमच्या गुडघ्याचं काय झालं. दोन्हींचं उत्तर काकूंनी तीन शब्दांत दिलं तरी चालेल.

आपली,
संघप्रिया

*

परभणी,
१९ ऑगस्ट २०२४

ती. दादास,
सविनय जयभीम.

हे पत्र मुद्दाम तुझ्या नावाने टाकलं आहे. एकट्याने वाच. घाई करू नकोस. मी अक्षर मोठं काढलं आहे.

पोरीच्या वह्या मी दहा दिवस पाहतो आहे. तिच्या हातात दोष नाही. रेघा इतक्या स्वच्छ आहेत, की मला माझ्या तरुणपणाच्या वह्यांची लाज वाटली. तरीही घरच्या वहीत जड शब्द नाहीत. क्लासच्या वहीतही नाहीत. पण दादा, दोन्हींत एक फरक आहे आणि त्यासाठी मी हे लिहितो आहे.

लघुलेखकाने शब्द ऐकला आणि त्याला जमला नाही, तर तो तिथे बोटभर जागा सोडतो आणि पुढे जातो. क्लासच्या वहीत अशा जागा सुटल्या आहेत. घरच्या वहीत एकही सुटलेली नाही. 'अधिनियमातील तरतुदीनुसार' असं मी लिहून पाठवलं होतं, तिच्या वहीत नुसतं 'तरतुदीनुसार' आहे आणि ओळ अडखळल्याशिवाय सरळ पुढे गेली आहे. म्हणजे तो शब्द तिच्या कानावर पडलाच नव्हता. अकरा उतारे मी ताडून पाहिले. गळलेले शब्द सगळे असे, की जिथे वाचणारा अडखळेल. क्लासमध्ये ते कुणीतरी उच्चारतं, पण घरी कधी ऐकलेच नाहीत म्हणून तिचा हात उठत नाही. साठ-ऐंशीला उतारे सोपे होते, तिथे हे झालं नसावं.

मी तुला जाब विचारत नाही. तो हक्क मला नाही. आपल्या दोघांत एकालाच शाळेत बसता येणार होतं. तू चौथीतून उठलास, गुरांमागे गेलास आणि मग मुंबईला पोती उचलायला. मी बसलो. शंभरच्या परीक्षेला मी चार वेळा नापास झालो. प्रत्येक वेळी मार्केटातल्या कुणाकडून तरी लिहून घेतलेलं तुझं एक ओळीचं पत्र यायचं : पुढची परीक्षा कधी आहे? का नापास झालास, असं तू एकदाही विचारलं नाहीस. चौथ्या वेळी मी पुस्तकं विकायला निघालो होतो, तेव्हा ती ओळ आली. मी पाचव्यांदा बसलो. पुढची एकतीस वर्षं मी त्या ओळीवर काढली. हे मी तुला कधी म्हटलं नव्हतं. आज म्हणतो.

आता काय करायचं ते ऐक. तू वाचायचं बंद करायचं नाही. तिला दुसरा वाचक शोधायचा नाही, फोनवरची रेकॉर्डिंगंही नकोत. रोज पाच वर्षं, दहा वर्षं साडेपाचला उठून बसणारा माणूस रेकॉर्डिंगमध्ये मिळत नाही. सोबत सहा उतारे पाठवतो. जड शब्द मी तोडून लिहिले आहेत : प्र-ति-ज्ञा-पत्र, सं-दि-ग्ध. आधी दिवसा तू एकटा वाच. दहा वेळा, वीस वेळा. जीभ वळली की मग तिला घाल. वेग साठ. तिला मी लिहितो, की काकाने साठवर उतरायला सांगितलं आहे. कारण मी सांगणार नाही. सांगायचं की नाही, कधी सांगायचं, ते तुझं तू ठरव.

वहिनींना जयभीम. चुकलंमाकलं पोटात घाल, आजवर घातलंस तसंच.

तुझा धाकटा,
चंदू

*

कोपरखैरणे,
ता. २ सप्टेंबर

चंदू,
जयभीम.

तुजं पत्र पोचलं. चार डाव वाचलं. मी स्वता लिवतोय, हसू नको.

तू म्हनतो ते खरं हाय. शंबरचं सुरू झालं तवा पयल्याच दिशी एक शब्द अडला. काटा म्होरं गेला आन पोरगी पेन्सिल उचलून माज्याकडं बगत रायली. दुसऱ्या दिशी परत तसंच. मग मी तो शब्द सोडला आन रेघेवर टायमात पोचलो. तिचा हात चालू लागला. मला वाटलं, बरं झालं.

मार्केटात आमी असंच करायचो. गाडीत एकांदं पोतं लई जड असलं तर ते मागं ठेवायचं, हलकी आदी उतरवायची, मग जडाला चौगं मिळून हात लावायचा. मी तेच धरलं. आदी पोरीचा येग येऊ दे, जड शब्द मागनं बगू. पन चंदू, मागनं कोन आलंच नाय. ते पोतं तीन वर्सं गाडीतच रायलं.

ती वही तपासताना म्हनायची, बाबा आज बी माजा अधिनियम गेला. मी गप बसायचो. तेवडं लई वाईट झालं. शब्द सोडला त्याचं नाय मला, गप बसलो त्याचं हाय.

तिला सांगनार. पन आदी वाचाया येऊ दे. रिकामा हात घेऊन कसं सांगू? बागेत जाऊन वाचतो. घरात तुजी वैनी केशरबाई लगीच वळखंल. सं-दि-ग्ध जमलं. प्रतिज्ञापत्राला अजून जीब मुरगळती.

तू मागचं काय काय लिवलं. मी तवा एक ओळ धाडायचो कारन लिवनारा मानूस एका ओळीच्या वर लिवत नव्हता. तू उगा मोठं करतो. पन वाचून बरं वाटलं.

अजून उतारे धाड. तब्येत संबाळ.

तुजा दादा,
मारोती

*

कोपरखैरणे,
२४ नोव्हेंबर २०२४

ती. काकांस,
सप्रेम जयभीम वि. वि.

तुमच्यावर मी सप्टेंबरपासून रागावले होते, हे आधी सांगते. शंभरला सहा वेळा बसलेल्या बाईला तुम्ही साठवर उतरवलंत आणि कारण दिलं नाहीत. मी उतरले, कारण बाबांनी वाद घालू दिला नाही. वरून त्यांचं वागणं बदललेलं. रोज सकाळी दहाला शर्टाच्या खिशात कागद घेऊन सेक्टरच्या बागेत जायचे. शेजारचे श्यामसुंदर आईला म्हणाले, की तुमचे हे झाडांसमोर भाषणं करतात, सोसायटीच्या निवडणुकीला उभे राहणार की काय? आईने उत्तर दिलं, की तसा प्रस्ताव अद्याप विचाराधीन नाही.

मागच्या सोमवारी कोडं सुटलं. उतारा संपल्यावर बाबांनी घड्याळ उलटं ठेवलं आणि मला सांगितलं, की तीन वर्षं जे शब्द जात होते ते माझ्याकडून गेले नव्हते, त्यांच्याकडून गेले होते. मग काय काय झालं ते सगळं सांगितलं. पोत्याचं सांगितलं. मी तपासताना काय म्हणायचे आणि ते गप कसे बसायचे, तेही सांगितलं. माझ्याकडे न बघता सांगितलं.

काका, मी चांगली वागले असं लिहिता आलं असतं तर बरं झालं असतं. मी डबा उचलला आणि कंपनीत निघून गेले. दिवसभर एकच गोष्ट डोक्यात होती, की तीन वर्षं मी लोकांना सांगत फिरले, माझे कान कच्चे आहेत. सुचिता मॅडमना सांगितलं, कुलदीपना सांगितलं, तुम्हाला सांगितलं. दोन दिवस मी डिक्टेशनला बसले नाही. आईशी बोलत होते, बाबांशी नाही. आई मध्ये पडली नाही. फक्त चहा तिघांचा एकत्र ठेवत राहिली.

तिसऱ्या दिवशी साडेपाचला मी स्वयंपाकघरात होते. बाबा नेहमीच्या जागी बसले होते. समोरची खुर्ची रिकामी होती. ते हळू आवाजात वाचत होते, 'प्रतिज्ञापत्र', थांबून पुन्हा 'प्रतिज्ञापत्र', पुन्हा तेच. चौथ्यांदा सरळ आलं. मला ऐकवायला नव्हतं ते, मी दाराआड आहे हे त्यांना माहीत नव्हतं. एकोणसत्तर वर्षांचा माणूस, काका. मी तोंड पुसलं आणि पेन्सिल घेऊन बसले. त्यांनी घड्याळ जवळ ओढलं. काटा बारावर आल्यावर सुरुवात केली.

त्या उताऱ्यात अठरा जड शब्द होते. सगळे आले. वेग साठ होता, तरी सगळे आले. तुम्हाला हे ऑगस्टपासून माहीत होतं ना?

आपली,
संघप्रिया

*

परभणी,
३ डिसेंबर २०२४

चि. संघप्रिया हिस,
आशीर्वाद.

हो, माहीत होतं. तुझ्यापासून लपवलं, त्याबद्दल माफी मागतो. सांगायचा मान त्याचा होता.

तू रागावलीस हे बरं केलंस. लगेच माफ केलं असतंस तर दादाला ते खरं वाटलं नसतं. आणि तिसऱ्या दिवशी खुर्चीत बसलीस, त्याबद्दल मी तुझा ऋणी आहे. माझ्या भावाला त्याच्या या वयात एवढं मोठं काही मिळालेलं मी पाहिलं नाही.

आता रोखठोक. या महिन्यातल्या परीक्षेला बस. पास होशील असं मला वाटत नाही. साठवरून ऐंशीवर तुम्ही दोघं आत्ता कुठे आला आहात. तरी बस, कारण परक्या आवाजात जड शब्द ऐकण्याची एक संधी फुकट जाऊ द्यायची नाही. खरा डाव जूनचा. तुझ्या वयाचा हिशोब मी कॅलेंडरवर मांडला आहे. जूनचा निकाल ऑगस्टपर्यंत लागला आणि तेव्हा एखादी भरती निघाली तर तू अजून बसतेस. जागा अरुंद आहे, पण आहे.

काकूने हे पत्र वाचून खाली तीन शब्द लिहायला सांगितले आहेत : 'जेवण वेळेवर कर.'

तुझा,
काका

*

कोपरखैरणे,
१ मार्च २०२५

ती. काकांस,
सप्रेम जयभीम.

तुम्ही म्हणालात तसंच झालं. नापास, दोन गुणांनी. पण या वेळी सुचिता मॅडमच म्हणाल्या, की चुकांची जात बदलली आहे. परीक्षेवरून आल्यावर मी आठवून त्यांना उतारा सांगितला, तर जड शब्द एकूणएक होते. गेले ते 'मात्र', 'तर', 'परंतु' असले. ज्यांना मी कधी भीक घातली नव्हती, त्यांनी दगा दिला.

आईने तरीही शिरा केला. कुलदीपनी विचारलं, की नापास झाल्यावर शिरा कसा काय? आई म्हणाली, की निकाल अंशतः अनुकूल आहे.

बाबा पंचाण्णववर आले आहेत, खरेखुरे पंचाण्णव, एकही शब्द न सोडता. त्यांनी स्वतःच एक पद्धत काढली आहे. अडखळले तर टेबलावर बोट वाजवतात, मी थांबते, तो शब्द ते पुन्हा वाचतात आणि वहीत समासात एक टिंब काढतात. जानेवारीत पानाला सात-आठ टिंबं असायची. काल दोन होती. एक त्यांचं, एक माझं. माझंही ते लिहून घेतात.

आता दर रविवारी कुलदीपही एक उतारा वाचतात, परक्या आवाजाची सवय व्हावी म्हणून. पाच मिनिटांत घसा बसतो म्हणतात आणि बाबांकडे बघत राहतात.

जूनचा फॉर्म भरला. मी थांबू का, असं मी मागच्या वर्षी विचारलं होतं. तुम्ही उत्तर दिलं नाहीत, वह्या मागवल्यात. त्याबद्दल आज आभार मानते. उत्तर दिलं असतंत तर मी ऐकलं असतं.

आपली,
संघप्रिया

*

कोपरखैरणे,
२३ ऑगस्ट २०२५

ती. काका आणि ती. काकू यांस,
सप्रेम जयभीम वि. वि.

फोनवर तुम्हाला काकूंनी काय लिहून दिलं असेल ते असो, मी पुन्हा लिहिते, कारण हे हाताने लिहायचं मी चार वर्षं ठरवत होते. मराठी लघुलेखन, शंभर शब्द प्रतिमिनिट, मी पास आहे. चौसष्ट गुण.

निकाल बाबांनी वाचला. मी फोन त्यांच्या हातात दिला. त्यांनी चष्मा पुसला, माझं पूर्ण नाव वाचलं, मग 'उत्तीर्ण' वाचलं. न अडखळता. आणि फोन आईकडे देऊन पाणी प्यायला गेले. बराच वेळ आले नाहीत. आई मला म्हणाली, की जाऊ नकोस, त्यांचं पाणी पिऊन होऊ दे.

परीक्षेत काय झालं ते सांगायचं राहिलं होतं. वाचणारे गृहस्थ भराभर वाचायचे आणि वाक्य संपताना आवाज पाडायचे. दुसऱ्या मिनिटाला माझी एक ओळ अख्खी सुटायला आली. आधीच्या सात वेळा अशा ठिकाणी मी मनातून उठून घरी गेले होते. या वेळी बोटभर जागा सोडली आणि पुढच्या शब्दावर गेले. लिप्यंतर करताना मागचंपुढचं पाहून ती जागा भरली. जागा सोडून पुढे जायला बाबांच्या टेबलावरच्या बोटाने शिकवलं. अडलं म्हणजे बिघडलं असं नाही, हे मला या एका वर्षात कळलं. सात वेळा नापास होताना कळलं नव्हतं.

काका, तुमचे आभार कसे मानायचे मला कळत नाही. तुम्हाला एक शब्द ऐकू येत नाही आणि माझ्या वहीत काय ऐकलं गेलं नाही, ते तुम्हालाच दिसलं. तुमची सगळी पत्रं आणि त्र्याण्णव उतारे एका पिशवीत ठेवले आहेत. बाबांच्या कपाटात, त्यांनी मागून घेतले.

आता पुढचं. जिल्हा न्यायालयाची निम्नश्रेणी लघुलेखकांची जाहिरात आली आहे. अर्जाची शेवटची तारीख दहा सप्टेंबर आणि त्या दिवशी माझं वय बेचाळीस वर्षं दहा महिने असेल. परवा अर्ज भरला. अकरा जागा आहेत, क्लासच्याच सोळा जणी बसणार आहेत, तेव्हा उड्या मारायचं काही कारण नाही. मॅडमच्या अंदाजाने कौशल्य चाचणी डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात होईल. हा माझा पहिला आणि शेवटचा अर्ज. निवड झाली तर लिहीन. नाही झाली तरी लिहीन, तेव्हा पाकिटं आणून ठेवली आहेत.

चाचणीला शंभरच लागतात, पण हाताशी वरचा वेग असलेला बरा, म्हणून मी एकशेवीस सुरू करायचं म्हटलं. सोमवारपासून बसू, असं बाबांना सांगितलं. ते म्हणाले, की एकशेवीसला त्यांची अजून तयारी नाही. उतारा आधी बागेत वाचून पाहतील. मी आठ दिवस थांबावं.

मी थांबणार आहे.

थोरांना जयभीम. तुमचा हात डोक्यावर आहे, तो तसाच राहू द्या.

आपली,
संघप्रिया